डांबर न सोसणारा ट्रक

आमच्या वेळी ट्रकची चावी ही शोभेची वस्तू होती. कुणी कपाटाच्या चावीनं ट्रक चालू करायचा, कुणी पेटीच्या. एका ड्रायव्हरकडं तर चमच्याचा दांडा होता. घासून घासून त्यानं तो असा बसता केला होता की मूळ चावी लाजावी. चमचा करदोट्याला बांधलेला. मी विचारलं, "जेवायलाबी ह्योच का?" तर म्हणाला, "न्हाय वो, ग्रीसचा वास येतो."

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. नाव रज्जाक, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत. बाकी दुनियेसाठी मी 'वायरिंगवाले'. आता दुकान मुलगा बघतो. तो गाडीला कॉम्प्युटर लावतो आणि गाडी स्वतःच सांगते, मला काय होतंय. हल्लीच्या चावीत म्हणे चिप असते, ती गाडीला पटली तरच इंजिन चालू होतं. चावी हरवली की मालक दुकानात येऊन असा बसतो, जसं घरात कुणी गेलंय. मी कोपऱ्यात चहा पीत ऐकतो. आमच्या वेळी गाडी बोलायची नाही. गाडी सोडून बाकी सगळे बोलायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, म्हणजे वीज लागते. जुन्या डिझेल इंजिनाला तसलं काही लागत नाही. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारून एकदा फिरवून दिलं आणि डिझेल मिळत राहिलं, की चावी काढून विहिरीत टाका, ते आपलं धडधडत राहणार. बंद करायचं तर दांडी ओढून डिझेल तोडावं लागे. मग चोरानं गाडी नेऊ नये म्हणून काय करायचं? तर चोरबटन. सेल्फची एखादी तार मध्येच तोडायची आणि बटन असं लपवायचं की मालकाशिवाय कुणाला सापडू नये. डॅशबोर्डाखाली, सिगारेटच्या राखेच्या डब्यात, कुठंही. भिगवणच्या एका मालकानं देवाच्या फोटोमागं बसवून घेतलं होतं. रोज सकाळी फोटोला हात लावल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणून माणूस लई भाविक, असं त्याचं नाव झालं होतं.

ही असली बटनं मी किती बसवली आणि किती शोधून काढली, त्याची गणती नाही. पण म्हाळूआबांच्या ट्रकात जे निघालं, तसं ना आधी पाहिलं ना नंतर.

म्हाळूआबांचं घराणं मेंढरांचं. बारामती-इंदापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची वाडी. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की माघारी, असं आबांचं आयुष्य गेलेलं. मुलाला, सोपानला, ते नको होतं. त्याला ट्रक पाहिजे होता. नव्वदच्या दशकात आमच्याकडं ट्रक म्हणजे माणूस सुधारल्याची खूण. बापलेकांत बरीच वर्षं धुसफूस झाली आणि शेवटी आबांनी कळप विकला आणि इंदापूरच्या बबनशेठकडून जुना ट्रक घेतला.

बबनशेठचा विटा आणि वाळूचा धंदा. माणूस शब्दाचा पक्का आणि देहानं अवाढव्य. ते ट्रकातून उतरले की ट्रक दोन बोटं वर यायचा. ट्रक देताना त्यांनी आबांच्या हातात हात देऊन सांगितलं, "आबा, माझ्याकडं एवढी वर्सं चालली, कधी खोकली न्हाय. माझ्या लेकीवानी सांभाळली." आणि सोपान? सोपान म्हणजे उसाचं चिपाड. शर्ट दांडीवर वाळत घातल्यासारखा अंगावर असायचा.

गळिताचा हंगाम सुरू झाला होता. सोपाननं ट्रक उसाला लावला. रानातून ऊस भरायचा आणि सोमेश्वरनगरच्या कारखान्यावर टाकायचा. त्या रस्त्यांना रस्ता म्हणायचं ते केवळ सवयीनं. खड्ड्यातून निघालं की दगडात आणि दगडातून निघालं की पाटाच्या चारीत. पण हंगामभर ट्रकानं एक तक्रार केली नाही. आबांनी ट्रकाच्या कपाळाला भंडारा लावला, लोकरीचा गोंडा बांधला आणि चारचौघांत कबूल केलं की पोरगं बरोबर होतं.

हंगाम संपला. सोपाननं पुण्याच्या बाजारासाठी कांदा भरला आणि हायवेला लागला. हायवेला तेव्हा नुकतंच नवं डांबर पडलेलं, पाणी सांडलं तर वाहत जाईल असं गुळगुळीत. डाळजच्या अलीकडं ट्रकानं दोन आचके दिले आणि बंद पडला.

सोपाननं सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी केली. मागून एक ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर म्हणजे तालमीतला गडी, डोक्याखाली मानच नाही असा. तो म्हणाला, "सरक, मी बघतो." सीटवर बसला, हातपंपानं थोडं डिझेल ओढून घेतलं, सेल्फ मारला. गाडी चालू! त्यानं सोपानकडं बघून मिशीला हात लावला आणि निघून गेला. सोपान बसला, मैलभर गेला, पुन्हा आचके. पुन्हा कुणीतरी जाडजूड माणूस थांबला, पुन्हा गाडी चालू. असं करत करत कांदा पुण्याला पोचला तेव्हा बाजार उठून गेला होता.

मग सगळ्या तालुक्याला डॉक्टरकी सुचली. फिटर म्हणाला डिझेलमध्ये कचरा. टाकी धुतली, फिल्टर बदलला. दुसरा म्हणाला पंपात हवा धरते. सगळे नट आवळले. कुणी म्हणालं, सोपाननं बाजारात डुप्लिकेट चावी करून घेतलीय, गाडीला ती मानवत नाही. त्यावर मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आज तसल्या गाड्या निघाल्यात, त्यामुळं ते हसू मी परत घ्यायला तयार आहे. लिंबू झालं, मिरच्या झाल्या, बिब्बा झाला. माझ्याकडं ट्रक आला तेव्हा मी बॅटरी, सेल्फ, अर्थिंग, चार्जिंग सगळं तपासलं. सगळं उत्तम. जुन्या ट्रकाचं वायरिंग म्हणजे वेलींचं जंगल. प्रत्येक मालक आपापली तार ओढतो, पंख्याला एक, टेपला एक, देवाच्या लाल दिव्याला एक, आणि जाताना कुणी काढून नेत नाही. त्या जंगलात आजारपण दिसेना.

आबांचा संयम संपला. चार माणसं घेऊन ते इंदापुरात बबनशेठच्या दारात उभे राहिले. मीही होतो, गाडीची तब्येत सांगायला वैद्य बरोबर लागतो म्हणून मला नेलेलं.

"शेठ, आमी मेंढरं राखणारी मान्सं. आमाला फसवून काय मिळालं तुमाला?" आबा रस्त्यावरूनच म्हणाले.

बबनशेठ चहाचा कप घेऊन बाहेर आले. कप त्यांच्या हातात दिसत नव्हता. "आबा, काय बोलताय? मी फसवलं?"

"खोट लपवून माल इकला त्याला काय म्हंत्यात आमच्यात ठावं हाय का? चोर म्हंत्यात."

गल्ली गोळा झाली. बबनशेठ लाल झाले. त्यांनी कप पायरीवर ठेवला, सोपानच्या हातातली चावी ओढून घेतली आणि म्हणाले, "चला. समदी बसा मागं. भिगवणपातूर जाऊन येतो. मदी एकदा जरी बंद पडली तर गाडी माझी, आन वरनं तुमच्या पाया पडतो."

आम्ही सगळे हौद्यात चढलो. बबनशेठ चढले तेव्हा केबिन एका अंगाला कलली. मग जे काय झालं ते बघण्यासारखं होतं. तोच हायवे, तेच डांबर, तीच चावी. ट्रक असा पळाला की आबांचा फेटा उडाला आणि तो आणायला थांबावं लागलं. थांबलेली गाडीसुद्धा बंद पडली नाही. भिगवणला वळून इंदापुरात परत आलो. बबनशेठ उतरले, चावी सोपानच्या खिशात टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी कडक हाय. पोरगं कच्चं हाय."

गल्ली हसली. आबासुद्धा काही बोलले नाहीत, हे सोपानला जास्त लागलं.

त्यानंतर सोपानची जी शोभा झाली ती सांगवत नाही. गावात कुणाची सायकल पंक्चर झाली तरी म्हणायचे, सोपान बसला असंल. मुलगी सांगून आली होती, तिकडूनही विचारणा झाली की ड्रायव्हर म्हणता, पण गाडी चालवता येती ना? पोरगा बोलेनासा झाला. आणि एक दिवस बापलेक दोघं ट्रक घेऊन माझ्या दुकानात आले.

"रज्जाकभाई, दिवं तेवढं नीट करून द्या," आबा म्हणाले. "इकायची हाय."

"आन सोपान काय करणार?"

सोपान खाली बघत म्हणाला, "मेंढरं राखतो. मेंढरं बंद पडत न्हाईत."

मी पाना पुसत उभा राहिलो. मग विचारलं, "येताना पडली का बंद?"

"न्हाय," आबा म्हणाले. "वाडीपस्नं आतल्या रस्त्यानं आलो. त्या रस्त्याला कधीच पडत न्हाय. उसाच्या टायमाला एकदा पडली न्हाय. मी म्हंतो रज्जाकभाई, ही गाडी आमच्या मेंढरांवानी हाय. तिला डांबर सोसत न्हाय. खुरं भाजत्यात."

दुकानातले सगळे खो खो हसले. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो.

खराब रस्त्यावर चालते, चांगल्या रस्त्यावर बंद पडते. उलटं असतं तर समजण्यासारखं होतं. खड्ड्यात आदळून तारा सुटतात, नळ्या ढिल्या होतात. पण ही आदळली की बरी असते. बबनशेठ बसले की बरी असते. तालमीतला गडी बसला की बरी असते. सोपान बसला की मरते. मी सोपानकडं बघितलं. ट्रकच्या सीटकडं बघितलं. पुन्हा सोपानकडं बघितलं.

"सोपान, चालू कर आन नुसता बसून राहा. हलू नको."

तो बसला. इंजिन चालू झालं. आम्ही चहा मागवला. जागच्या जागी इंजिन डिझेल कमी पितं, त्यामुळं वेळ लागला, पण चहा संपायच्या आत आचके आले आणि इंजिन बसलं. सोपाननं स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

"आता उतर," मी म्हणालो.

शेजारी पेंडीचं दुकान होतं. तिथलं पोतं दोघांनी उचलून आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी बाजूनं हात घालून सेल्फ मारला. थोडं ओढाओढ करून इंजिन लागलं. पुन्हा चहा मागवला. तो संपला. पानं खाऊन झाली. पेंडवाला येऊन विचारून गेला की माझं पोतं कधी उतरतंय. इंजिन आपलं धडधडतंय.

आबा बराच वेळ त्या पोत्याकडं बघत होते. मग म्हणाले, "सोपान्या, तुझ्यापरीस पोतं बरं चालवतंय की रं."

पोतं उतरवलं आणि मी सीटची गादी उपटली. खाली, स्प्रिंगच्या मधोमध, ब्रेकच्या दिव्याला असतं तसलं एक दाबाचं बटन उभं होतं. त्यातून काळी तार निघाली होती. ती मी आधीही पाहिली होती, टेपची जुनी तार असेल म्हणून सोडून दिली होती. तार धरून धरून चेसिसच्या कडेनं गेलो तर ती डिझेलच्या नळीपाशी पोचली. तिथं मातीचा आणि ग्रीसचा एक गोळा होता. खरवडला तर आत जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला विजेवरचा व्हॉल्व्ह. म्हणजे नळीला बसवलेला छोटा दरवाजाच. वीज आली की उघडतो, गेली की मिटतो.

आता सगळं उजेडात आलं. पूर्वी कुणीतरी एक जाड मालक असणार आणि त्याच्या पदरी बारीक माणसं असणार. त्यानं असं चोरबटन करून घेतलं होतं की ते शोधायलाच नको आणि दाबायलाही नको. आपण बसलो की आपल्या वजनानं दाबलं जावं, बाकी कुणी बसला की नळीतलं उरलेलं डिझेल संपेपर्यंत गाडी चालावी आणि मग मरावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर सोपान सीटवर उडायचा आणि आदळायचा, प्रत्येक दणक्याला दरवाजा उघडायचा, डिझेल मिळत राहायचं. गुळगुळीत डांबरावर तो शांत बसायचा आणि गाडी उपाशी मरायची.

ज्या कारागिरानं हे केलं त्याला मी मनातल्या मनात सलाम केला आणि दोन शिव्याही दिल्या. सलाम मोठ्यानं केला नाही. शिव्या मोठ्यानं दिल्या.

फिटरला बोलावून व्हॉल्व्ह काढला, सरळ नळी जोडली. सोपान बसला आणि आम्ही इंदापूरला निघालो. आबा हट्टाला पेटले होते की आत्ताच जायचं. "मी त्या मानसाला भर गल्लीत चोर म्हणलोय. दिवस मावळायच्या आत मागं घ्यायला पायजे."

बबनशेठ दारातच होते. आबांनी फेटा काढून हातात घेतला. "शेठ, चुकलो. खोट हुती, पर तुमालाबी ठावं नव्हती." मी व्हॉल्व्ह आणि बटन दाखवलं, सगळं समजावून सांगितलं. आधी बबनशेठना कळेना. मग कळलं तेव्हा ते असे हसले की पायरीवर बसावं लागलं. "म्हंजी माझ्या वजनावर चालत हुती व्हय? सोलापूरकडच्या मालकानं गाडी देताना सांगितलं हुतं मला, शेठ, ही गाडी मानूस वळखती. मला वाटलं कवतिक करतोय!"

आम्ही सगळे हसलो. सोपान पहिल्यांदा हसला.

आणि मग बबनशेठ हसायचे थांबले. बटन हातात घेऊन अंगठ्यानं दाबत बसले.

"रज्जाकभाई," ते म्हणाले, "माझ्याकडं सुरवातीला ड्रायव्हर हुता. नामदेव. बारीक. ह्या सोपानवानीच."

त्यांनी बटन पुन्हा एकदा दाबून सोडलं.

"गाडी त्याच्या हातात सारखी बंद पडायची. मी बसलो की चालायची. मी म्हणलं, ह्यो डिझेल काढून इकतो आन बंद पडली म्हणून सांगतो. चारचौघांत बोललो त्याला, आन काढला. त्येच्यानंतर ड्रायव्हरच ठिवला न्हाय. मी चालवायचो, न्हायतर थोरला भाऊ." थोरला भाऊ त्यांच्यापेक्षा जाड, हे सांगायची गरज नव्हती, तो मागं दारात उभा होता आणि दार भरलं होतं.

"आता कुठं असतो त्यो?" सोपाननं विचारलं.

"डाळजला. रस्त्याला पेरू इकतो. मी जाता-येता बघतो. काच वर करतो."

सोपाननं ट्रकाचं दार उघडलं. "बसा शेठ," तो म्हणाला.

केबिनमध्ये बबनशेठ, आबा आणि मी कसे मावलो ते विचारू नका. पण त्या गुळगुळीत डांबरावरनं सोपाननं ट्रक डाळजला नेला, एक आचका न देता. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली एक वाळका माणूस पाटीपुढं स्टुलावर बसला होता. ट्रक ओळखून तो उभा राहिला.

"काय शेठ," नामदेव म्हणाला, "आज काच खाली?"

बबनशेठ उतरले. त्यांनी बटन आणि व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं. "खोट गाडीत हुती, नामदेव. तुझ्यात न्हाय. मी तुला डिझेलचोर म्हणलो."

नामदेवनं बटन उलटंसुलटं करून पाहिलं. "डिझेल इकलं असतं शेठ, तर हितं पेरू इकत बसलो असतो व्हय?" मग म्हणाला, "तुमी काढलं त्येचं काय न्हाय. चार ठिकाणी गेलो, समदीकडं पयला सवाल, शेठनं का काढलं. मग मलाच वाटाय लागलं, आपल्या हाताला गाडी येत न्हाय. त्येच्यानंतर बैलगाडीबी हाकली न्हाय मी."

सोपान चावी घेऊन पुढं झाला. "दादा, एक चक्कर मारून या."

"नगं."

"मारा की. माझ्यावरबी हसत हुती लोकं."

नामदेवनं हात धोतराला पुसले. ट्रकावर चढला. बसायच्या आधी त्यानं गादी दोन्ही हातांनी दाबून पाहिली. मग बसला, सेल्फ मारला, आरशात बघितलं आणि ट्रक रस्त्यावर घेतला. गिअर बदलल्याचा आवाज आला तो लोण्यातनं सुरी गेल्यासारखा. सोपान माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "माझ्यापरीस चांगला हाय."

ट्रक भिगवणच्या बाजूला दिसेनासा झाला. आम्ही उभे. बराच वेळ गेला. आबा म्हणाले, पडली का काय? मी म्हणालो, आता नाही पडत. मध्येच एक एसटी थांबली, लोक उतरले आणि पेरू मागायला लागले. कुणीच पुढं होईना. शेवटी बबनशेठ त्या छोट्या स्टुलावर बसले. स्टूल कण्हलं. इंदापूरच्या वीटवाळूच्या मोठ्या व्यापाऱ्यानं धोतर सावरून तागडी हातात घेतली आणि पेरू जोखायला सुरुवात केली. ओळखीच्या एकानं एसटीच्या खिडकीतून बघितलं आणि तोंडाचा आ केला. बबनशेठनी मान वर केली नाही.

ट्रक परत आला. नामदेवनं तो कडेला अगदी सुतात लावला, दांडी ओढून इंजिन बंद केलं आणि चावी सोपानच्या हातात दिली. सोपान म्हणाला, "दादा, माझ्या गाडीवर या." त्याचे डोळे लाल झाले होते. वारं लागलं असेल. तो पाटीपाशी आला, बबनशेठनी मांडलेल्या पेरूंकडं बघितलं आणि खाली बसून पुन्हा सगळी पाटी रचायला लागला.

"शेठ," तो म्हणाला, "पिकलेलं वर ठिवायचं. उद्या ध्यानात ठिवा."

"उद्या?" बबनशेठ म्हणाले.

"मंग? मी गाडीवर आलो तर हितं कोन बसंल?"